पृथ्वीपासून पुन्हा

अक्षराला हसू नका. माझी शाळा चौथीत सुटली, आणि हात पेनापेक्षा खराट्यावर जास्त बसलेला आहे. वेलांट्या मी अंदाजानं देते, आणि ओळ उजवीकडं जाता जाता खाली उतरते. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी चुकून कोणाच्या हाती पडलं तर चुका पदरात घ्या. मी चारचौघांत बोलत नाही. लिहिताना कोणी तोंडाकडं पाहत नाही, म्हणून इंगळे सरांबद्दल लिहून ठेवते.

आमच्या गावच्या शाळेत मी झाडलोट करते आणि पाणी भरते. गाव धाडच्या पुढं, मोठा रस्ता सोडून थोडं आत आहे. शाळा खासगी; गावातले आबासाहेब संस्थेचे अध्यक्ष. सरकारचं अनुदान नव्हतं, म्हणजे मास्तरांना पगार नव्हता. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर सगळे फुकट शिकवायचे, आणि ती फुकट शिकवायची जागा मिळावी म्हणून आधी आबासाहेबांकडं पैसे भरायचे. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटेल. आमच्याकडं त्याला नोकरी लागली असं म्हणतात.

इंगळे सर मेहकरचे. वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे आणि बायकोच्या पाटल्या मिळून त्यांनी विज्ञानाच्या मास्तराची जागा घेतली होती. उंच माणूस, खांदे पुढं पडलेले, शर्टाच्या खिशाला कायम खडूची पांढरी कड. त्या खिशात पैसे नसायचे, पण मोडक्या स्पीकरमधून काढलेला एक चुंबक असायचा. दिसेल त्या वस्तूला तो लावून पाहायचे. पहिल्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तर माझ्या घागरीलाच लावला.

"पितळ खरं आहे, कमलाबाई. चिकटत नाही."

"माहेरची आहे जी," एवढंच मी म्हणाले, आणि तेवढ्यानंही मला घाम फुटला.

सर सहावी, सातवी, आठवीला विज्ञान शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी प्रार्थना झाली की तिन्ही वर्गांची पोरं कडुनिंबाखाली गोल बसवायचे आणि उजळणी घ्यायचे. आधीच्या वर्षी, त्याच्या आधीच्या वर्षी जे झालं तेसुद्धा. तिची रीत त्यांची स्वतःची होती. एका पोरानं विचारायचं, शेजारच्यानं उत्तर द्यायचं, आणि ज्यानं उत्तर दिलं त्यानं पुढच्याला विचारायचं. सुरुवात ठरलेली.

"पृथ्वीचे थर किती?"

"तीन! भूकवच, प्रावरण, गाभा!"

"खडक किती जातीचे?"

"अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित!"

असं करत करत जमिनीवरून वस्तूंवर यायचं. स्थायू, द्रव, वायू, मग घर्षण, मग तरफ. तिथून जिवंत गोष्टींवर: पेशी, मूळ, पान, रक्त. सर म्हणायचे, "आधी जमीन, मग तिच्यावरच्या वस्तू, मग त्यात जगणारा जीव. मधलं वगळून पुढं जाता येत नाही." आणि कोणी कुठंही अडकलं की हात वर करून ओरडायचे, "पृथ्वीपासून पुन्हा!" रक्तापर्यंत आलेली पोरं परत भूकवचावर जायची. पोरं चिडायची, पण ज्याच्यामुळं साखळी तुटली त्याला सर कधी बोलले नाहीत. शिक्षा सगळ्यांना सारखी, आणि त्यांना स्वतःलाही. चूक सरांच्या तोंडून झाली तरी पृथ्वीपासून पुन्हा.

दुसरं त्यांचं वाक्य होतं, "पाहिलं का ऐकलं?" कोणी काहीही सांगितलं तरी हे विचारायचं. पोरगं म्हणालं, सर, नागाच्या डोक्यावर मणी असतो. पाहिलं का ऐकलं? सरपंच म्हणाले, यंदा पाणी कमी आहे म्हणतात. पाहिलं का ऐकलं? गावात त्यांचं नावच पडलं, पाहिलं-का-ऐकलं मास्तर. पानटपरीवर कोणी फेकाफेक करायला लागलं की दुसरा म्हणायचा, "थांब बे, मास्तरले बोलावतो."

एकदा त्यांनी सातवीला सावळ्याच्या शेतातल्या विहिरीवर नेलं. विहीर नवीन खोदलेली, बांधकाम व्हायचं होतं, त्यामुळं कडा उघडी. वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पत्थर. पोरं कडेला पोटावर झोपवली, मागून एकमेकांचे पाय धरायला लावले. सावळ्याची म्हातारी ओरडत आली, "पोट्टे पडतीन ना मास्तर! तुमाले का, तुमी मेहकरले निंघून जासान!"

सर म्हणाले, "आजी, पुस्तकात थर काढलेले आहेत. इथं खरे दिसतात."

तेवढ्यात झोपलेल्या पोरांतून एकानं मान वर केली. "सर, सापडले! पृथ्वीचे तीन थर. काळी, मुरूम अन् पत्थर!"

सर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "अरे, ही तर नुसती साल आहे. पत्थराच्याही खाली सालच. गाभा तर लय लांब राह्यला." मग म्हणाले, "पण तू पाहून बोलला. हे चांगलं." त्या पोराच्या नावापुढं त्यांनी फळ्यावर चांदणी काढली होती. उत्तर चुकीचं असूनही.

आणखी एक दिवस आठवतो तो माझ्याच घागरीमुळं. उजळणीत एक प्रश्न असा होता की नवीन पोरगं दर वर्षी हमखास चुकायचं. उन्हाळा काऊन येतो? सगळी म्हणायची, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. मी हौदाजवळ घागर भरून उभी होते. सर तरातरा आले, घागर माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या कमरेवर तिरपी धरली. "हा निंब म्हणजे सूर्य. घागर म्हणजे पृथ्वी. पृथ्वी कललेली आहे, आणि तिचं तोंड कायम एकीकडंच. धाडच्या रस्त्याकडं." आणि तशी घागर धरून, तिचं तोंड धाडकडंच ठेवत, ते निंबाभोवती फिरायला लागले. आडवे चालत, मागं चालत. एका बाजूला गेले की घागरीचं तोंड निंबाकडं झुकायचं, दुसऱ्या बाजूला गेले की निंबापासून दूर. "इकडं उन्हाळा! इकडं हिवाळा! अंतर तेवढंच आहे का नाही?" पँट भिजली, मागच्या मागं बाकड्याला अडखळले, पोरं लोळायला लागली. मला सगळं नीट सांगता येणार नाही, पण जवळ-दूरचा प्रश्न नाही, कलण्याचा आहे, एवढं मी त्या दिवशी घागरीकडं पाहून समजले. रिकामी घागर परत देताना सर म्हणाले, "माफ करा कमलाबाई, पृथ्वी सांडली."

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, किती छान मास्तर. होतेच. पण छान असण्यानं घर चालत नाही. सुटीच्या दिवशी ते धाडला खतबियाणांच्या दुकानात पोती मोजायला जायचे. आणि बोलायचा स्वभाव तिथंही जायचा नाही. एकदा धाडच्या बाजारात कांदे घेताना त्यांनी कांदेवाल्याला म्हटलं, "तुमच्या तराजूचे दोन हात सारखे नाहीत. कांदे त्या पारड्यात टाका आणि वजन या पारड्यात, मग पाहा." कांदेवाल्यानं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, त्याला माहीत होतं. तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर, माह्या तराजूचं राहू द्या. तुमाले पगार मियते का, थे पाहा पहिले. फुकटचं काम करते अन् आमाले हिशेब शिकवून राह्यला!" लोक हसले. आमच्या शाळेची दोन-तीन पोरंही होती त्यांत. तीही हसली. मी भाजीच्या पिशव्या घेऊन बाजूला उभी होते. सरांनी कांदे घेतले, त्याच तराजूनं मोजलेले, आणि पैसे देऊन निघाले.

त्यांची बायको गावात एकदाच आली. शाळा सुटायच्या वेळेला. अंगावर चांगली साडी होती आणि हात मोकळे, नुसत्या काचेच्या बांगड्या. आत वर्ग चालू होता, पानं अन्न कशी तयार करतात ते. ती दारात उभी राहून सगळं ऐकत राहिली. सर बाहेर आल्यावर म्हणाली, आवाज न चढवता, "झाडं उन्हात उभी राहून जेवतात म्हणे. आम्ही बी उभे राहू का? मी अन् लेकरू?"

सर म्हणाले, "या वर्षी अनुदानाचं नक्की आहे."

तिनं विचारलं, "पाहिलं का ऐकलं?"

नवऱ्याचंच वाक्य. मी हौदाला राख लावत होते, ती लावतच राहिले. बाई शेवटच्या एसटीनं परत गेली आणि पुढं माहेरीच राहिली असं ऐकलं. ऐकलंच, पाहिलं नाही.

पण त्या वर्षी अनुदानाचं खरंच आलं. तालुक्याहून साहेब तपासणीला येणार, शाळा पाहणार, पोरांना प्रश्न विचारणार, पास झाली तर मास्तरांचे पगार सुरू. आबासाहेबांनी सगळ्या मास्तरांना ऑफिसात बोलावलं. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा सर उभे होते आणि बाकीचे बसलेले. आबासाहेब समजावत होते. त्यांचा आवाज नेहमी मऊ असतो.

"हे पाहा सर, विज्ञानाची एकच जागा मंजुरीले जाऊन राह्यली. कागदावर आमच्या सूनबाईचं नाव आहे. पहिल्यापासून. तुमचं पुढच्या टप्प्यात करून टाकू. पण शाळाच पास नाही झाली, तर ना तिचं, ना तुमचं. पोरं तुमचीच आहेत. तयारी तुमीच करून घ्या."

सर म्हणाले, "आणि पोरांना विचारलं, विज्ञान कोण शिकवतं, तर?"

"थे बी शिकवून ठेवा ना," आबासाहेब म्हणाले. "शिकवणं तर तुमचंच काम आहे."

मला वाटलं, सर आता काहीतरी बोलतील. ज्या माणसानं कांदेवाल्याला सोडलं नाही, तो बोलेल. त्यांनी माझ्या हातातला चहा घेतला आणि उभ्यानंच प्यायला.

तपासणीच्या आधीच्या शनिवारी उजळणी झाली. मी निंबाचा पाला गोळा करत होते. थर झाले, खडक झाले, पेशी झाली, रक्त झालं. साखळी एकदाही तुटली नाही. मग सर म्हणाले, "आता एक नवीन प्रश्न. शेवटचा. तुम्हाला विज्ञान कोण शिकवतं? उत्तर, सूनबाई मॅडम. म्हणा."

पोरं एकमेकांकडं पाहायला लागली. सूनबाई मॅडम शाळेत कधी आलेल्याच नव्हत्या. पोरांनी त्यांना लग्नाच्या वरातीत तेवढं पाहिलं होतं. मग माझी लेक पूनम उभी राहिली. तेव्हा ती सातवीत. माझ्यासारखी नाही ती, तिचं तोंड चालतं.

"सर, हे पाह्यलं का ऐकलं?"

पोरं हसली. नेहमीचा विनोद झाला असं त्यांना वाटलं. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि पाला तसाच सोडून खाली बघायला लागले.

"खाली बस," सर म्हणाले. मग हात वर करून, नेहमीसारखं, "पृथ्वीपासून पुन्हा."

आणि खरंच पृथ्वीपासून पुन्हा घेतलं. या वेळी शेवटचा प्रश्न साखळीतच आला, रक्ताच्या नंतर, जसा काही पुस्तकातलाच. एक पोरगं अडकलं. पुन्हा पृथ्वीपासून. ऊन निंबातून खाली यायला लागलं तेव्हा ते उत्तर पोरांच्या तोंडात असं बसलं होतं की भूकवच आणि सूनबाई मॅडम यांत काही फरक उरला नव्हता. जे खरं होतं आणि जे खोटं होतं, दोन्ही त्यांनी एकाच रीतीनं शिकवलं. आणि रीत चांगली होती, म्हणून दोन्ही पक्कं झालं.

तपासणीच्या दिवशी सरांना वर्गात थांबता येणार नव्हतं. घरीही जाता येईना, कारण काही लागलं तर हाताशी हवेत. मग आबासाहेबांनी त्यांना सामानाच्या खोलीत बसायला सांगितलं. तिथं मी साहेबांसाठी पोहे करत होते. खोलीची एक भिंत पत्र्याची, पलीकडं आठवीचा वर्ग. त्या दिवशी तिन्ही वर्ग तिथंच दाटून बसवले होते. सर जुन्या घंटेच्या शेजारी उलट्या बादलीवर बसले. मी त्यांना कांदा चिरायला देऊ की नको या विचारात होते. त्यांनी स्वतःच घेतला.

पलीकडं साहेबांचा आवाज आला. "पदार्थाच्या अवस्था कोण सांगेल?" सरांचे ओठ हलायला लागले. पोरानं उत्तर दिलं. सर हळू म्हणाले, "बरोबर." मग उन्हाळ्याचा प्रश्न आला, दर वर्षी चुकणारा. एका पोरीनं कलण्याचं सगळं सांगितलं, घागरीसकट. साहेब म्हणाले, "वा!" सरांनी माझ्याकडं पाहिलं, आणि क्षणभर त्यांचं तोंड तसं झालं जसं विहिरीवर झालं होतं. मला वाईट वाटलं की ते आनंदात आहेत.

मग साहेब म्हणाले, "फार छान. इतकं छान तुम्हाला शिकवतं कोण?"

मग एक आवाज आला, स्पष्ट, न अडखळता. पूनमचा.

"सूनबाई मॅडम."

"बरोबर," सर म्हणाले. सवयीनं. तोंडातून निघून गेलं. हातातली सुरी कांद्यावर तशीच होती. मी पोहे हलवायला तोंड फिरवलं.

शाळा पास झाली. सूनबाई मॅडमचा पगार सुरू झाला. 'पुढचा टप्पा' पुढंच राहिला. मग एक दिवस कळलं की एवढ्या पोरांवर विज्ञानाला दुसरी जागा नियमात बसतच नाही. मला आबासाहेबांचा राग आला नाही. बाभळीखाली बसून काटा टोचला तर बाभळीवर काय रागवायचं? राग मला सरांचा आला, आणि तो अजून आहे. त्यांनी स्वतःचं नुकसान करून घेतलं, ते त्यांचं. पण पूनमनं त्या दिवशी घरी येऊन जेवताना एवढंच म्हटलं, "आई, मी पाह्यलं होतं ना वं. तरी ऐकलेलंच सांगतलं." आणि त्यानंतर ती विज्ञानात प्रश्न विचारेना. मार्क चांगले पडतात. प्रश्न नाही.

सर मेहकरला गेले, तिथल्या एका दुकानात लागले. आता त्यांनी भरलेले पैसे परत मागायला सुरुवात केली. आबासाहेब नाही म्हणाले नाहीत. त्यांनी ते तुकड्या-तुकड्यानं द्यायला घेतले. कधी सोयाबीन विकल्यावर, कधी लग्नसराई उरकल्यावर. सर दर वेळी मेहकरहून यायचे, आबासाहेबांच्या ओट्यावर बसायचे, कधी थोडे घेऊन जायचे, कधी नुसता चहा पिऊन. गावात लोक म्हणायला लागले, "पाहा, आबासाहेब देवमाणूस. दुसऱ्या संस्थेत कोण वापस देते?" जो देतो त्याचं नाव झालं. ज्याची वर्षं गेली त्याला लोक म्हणायचे, "अजून येऊन राह्यला का बे तो मास्तर?"

शेवटचे पैसे शाळेच्या ऑफिसात दिले, दोन साक्षीदार बसवून. शनिवार होता. मी चहा नेला तेव्हा सर कागदावर सही करत होते की सगळी रक्कम मिळाली, काही तक्रार नाही. त्यांचा शर्ट धुवट होता आणि खिशाला खडू नव्हता. चहा त्यांनी या वेळी बसून घेतला.

मी हौदावर येऊन घागर भरली. निंबाखाली सूनबाई मॅडम उजळणी घेत होत्या. वाईट नाहीत त्या. येतात वेळेवर, पोरांना मारत नाहीत. रीत सरांचीच ठेवली आहे, गोल बसवून, साखळीनं. सर ऑफिसातून बाहेर आले आणि ओट्याखाली चपला शोधायला लागले.

"उन्हाळा काऊन येतो?" एका पोरानं विचारलं.

"पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून!" दुसरा ओरडला.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "पुढं."

सरांचा एक पाय चपलेत होता, दुसरा बाहेर. ते तसेच थांबले. त्यांचा उजवा हात थोडा वर आला, खांद्याच्याही खालीच. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं नाही, माझ्या कमरेवरच्या घागरीकडं. मी घागर थोडी तिरपी केली. का केली, मला माहीत नाही. थोडं पाणी सांडलं.

सरांनी तो हात खिशाकडं नेला, पैशांचं पाकीट आत नीट दाबलं, आणि दुसरी चप्पल घातली.

मागून आबासाहेब ओट्यावर आले. "हिशेब पुरा झाला ना, सर? काही राह्यलं तर नाही?"

"पुरा झाला," सर म्हणाले. "काही राहिलं नाही."

आणि ते फाटकातून धाडच्या रस्त्याला लागले. निंबाखाली पोरं थर, खडक सोडून पेशीवर आली होती. कोणी त्यांना थांबवलं नाही. सरांचे पैसे पूर्ण फिटले होते.